टमाटर मान टाकतंय म्हणून लगेच पाणी टाकू नका

मिरग लागला की गावात निम्म्या घरांच्या सांदवाडीत काही ना काही पेरलं जातं, वाल, काकडी, दोडका, कोहळं, आणि आता बरेच जण बाजारातून टमाटर-मिरचीची रोपं पण आणून लावतात. घरी शेती असली तरी दारात भाजी लावणारा माणूस बऱ्याचदा नवाच असतो, कारण कपाशी-तूर-सोयाबीन पिढ्यानपिढ्या केलेलं असलं तरी चार झाडांच्या भाजीचं तंत्र वेगळं, आणि नवीन सून, रिटायर झालेले गुरुजी, पुण्याहून परत आलेली पोरं हे तर व्हिडिओ बघूनच सुरू करतात. पहिला महिना झाडं मस्त दिसतात. मग पानं लोंबतात, पिवळी पडतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "रोज पाणी टाकून राहिलो, तरी झाड काऊन वाळून राहिलं?"

माझं म्हणणं असं आहे की आपल्या काळ्या मातीत यातली बरीच झाडं त्या रोजच्या पाण्यानंच जातात. आणि हे मी कळकळीनं सांगतोय कारण लोक पहिल्याच हंगामात "आपल्या हाताला झाड लागत नाही" म्हणून सोडून देतात, हाताचा त्यात काहीच संबंध नसतो, मुळाला हवा मिळत नाही एवढंच झालेलं असतं.

मूळ श्वास घेतं. पानं उन्हात साखर बनवतात, ती खोडातून खाली मुळाच्या टोकापर्यंत जाते, तिथल्या पेशी ती ऑक्सिजन वापरून जाळतात आणि त्यातून जी ऊर्जा मिळते तिच्या जोरावर मातीतलं नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश आत ओढून घेतात. टमाटर-मिरचीसारख्या झाडाला हा ऑक्सिजन मुख्यतः मातीच्या कणांमधल्या पोकळीतूनच मिळतो. ती पोकळी पाण्यानं भरली की ऑक्सिजनला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि पाण्यातून तो हवेच्या मानानं जवळपास १०,००० पट हळू सरकतो. जो काही ऑक्सिजन मातीत आधी असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून उकाड्याच्या दिवसात एक-दोन दिवसात संपवून टाकतात.

पुढचं जे होतं ते फार विलक्षण आहे. मुळाच्या पेशींच्या पटलात पाणी आत यायची बारीक दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. पीटर अ‍ॅग्रे यांनी ती आधी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींमधे ओळखली आणि त्यासाठी २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधे त्यांना वाटा मिळाला, नंतर कळलं की झाडांमधे तर ही दारं भरपूर आहेत. ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशीत आम्लता वाढते आणि ही दारं बंद होतात. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं आहे आणि तरी ते पाणी पिऊ शकत नाही, वर ऊन तापलेलंच आहे, पानातून पाणी उडतंच आहे, मग झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण अजून एक बादली ओततो.

आता आपली माती. दख्खनचा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तो झिजून ही कपाशीची काळी माती झाली. हिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती असते, तिचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक आणि पापुद्र्यापापुद्र्याचे, पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की फुगतात आणि वाळले की आक्रसतात, म्हणून तर मे महिन्यात शेतात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच शेतातून चालताना चपलेला किलोभर चिखल लागतो. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्राममधे कणांचा एकूण पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो, आणि एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटून बसतं. पाणी धरायला ही माती पक्की, पण सोडायला तेवढीच चिवट. १०० ग्राम काळ्या मातीत २० ग्रामच्या आसपास पाणी शिल्लक असतानाही झाड सुकू शकतं, रेताड मातीत हाच आकडा दोनचार ग्रामवर येतो. (भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं बऱ्याच ठिकाणी माती हलकी, पिवळसर-तांबूस, खाली जुना वेगळा खडक, तिकडच्या बरडीवर पाणी भराभर निघून जातं, तर त्या लोकांनी हा लेख थोडा आपल्या मातीप्रमाणं वाचावा.)

शेजारच्या काकूंनी सिमेंटच्या चुंगडीत (पोत्यात) टमाटर लावलं होतं, नुसती शेतातली काळी माती भरून. सकाळ-संध्याकाळ पाणी, तरी झाड मलूल. चुंगडी कापून बघितली तर वरचा बोटभर थर कोरडा, तडे गेलेला, चुंगडीच्या कडेनं माती आक्रसून सुटलेली, म्हणजे पाणी मधे न मुरता त्या फटीतून सरळ खाली जायचं, आणि खाली बुडाशी वीतभर माती लोण्यासारखी, कुजकट वास मारणारी. वरची मुळं पांढरी होती, खालची तपकिरी, आणि बोटात धरून ओढलं की साल निघून आत नुसता दोरा उरायचा. एकाच चुंगडीत वर तहान आणि खाली गुदमरणं, दोन्ही! काकू म्हणाल्या, "वरून कोरडी दिसे ना बापा, म्हणून टाकत गेली." वरून बघून कुणालाही तसंच वाटेल.

म्हणून बोट खुपसा. मधलं बोट पूर्ण आत जाईल एवढ्या खोलीवरची माती काढायची आणि मुठीत दाबायची. बोटांना चिकटली, अंगठ्यानं दाबल्यावर चकचकीत पट्टी निघाली, तर पाणी अजिबात नको. गोळा होतो पण हाताला लागत नाही, ही सगळ्यात चांगली अवस्था. ढेकळासारखी कडक, दाबली की फुटते, तर पाणी द्या आणि मग चांगलं खोलवर जाईल असं द्या, रोज तांब्याभर शिंपडण्यात काही अर्थ नाही, त्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि पहिल्या उन्हाच्या तडाख्याला झाड बसतं.

दुपारचं कोमेजणं वेगळं ओळखायला शिकलं पाहिजे. लवकी, कोहळं, दोडका यांची पानं मोठी, दुपारी दोन वाजता जेवढं पाणी उडतं तेवढं मूळ देऊ शकत नाही, म्हणून माती ओली असली तरी पानं छत्रीसारखी मिटतात, त्यानं पानावर ऊन पण कमी पडतं, आणि सहा वाजेपर्यंत परत ताठ होतात. त्याला काहीच करायचं नाही. सकाळी सातला सुद्धा पानं पडलेलीच असतील तर मग बघायचं.

टमाटरात अजून एक खूण असते जी मला फार आवडते. पाणी तुंबलं की मुळात एसीसी नावाचा पदार्थ तयार होतो, ऑक्सिजन नसल्यामुळं त्याचं पुढं काही होत नाही, मग तो पाण्याबरोबर वर पानांत जातो, तिथं ऑक्सिजन आहेच, तिथं त्याचा इथिलीन वायू होतो (हाच वायू केळी-आंबे पिकवतो), आणि इथिलीनमुळं देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते. देठ खाली वाकतो. बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं, पण पान हातात धरून बघा, ते मऊ पडलेलं नसतं, ताठ असतं, फक्त खाली वळलेलं असतं. पान ताठ आणि देठ खाली, तर पाणी बंद करा.

कुणी म्हणेल मग धान कसं उभं राहतं पाण्यात? धानाच्या खोडात आणि मुळात हवेच्या नळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली पोचते. टमाटर-मिरचीला तशी सोय नाही, फार तर टमाटर बुडखाशी नवी मुळं फोडून जीव वाचवायचा प्रयत्न करतं.

पिवळं पडणं हा पुढचा घोळ, आणि इथं लोक युरिया टाकतात. झडी लागली, माती चिंब राहिली की काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं, अशा वेळी खालची जुनी पानं आधी पिवळी होतात कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. लोह मातीत भरपूर असतं, पण आपल्या मातीत चुनखडी आहे, सामू (पीएच) ८ च्या आसपास, अशा मातीत ते मुळाला मिळेल अशा रूपात राहत नाही, आणि माती ओली राहिली की त्रास वाढतो. जुन्या पानातलं लोह झाड नव्याला देऊ शकत नाही म्हणून शेंडा आधी दिसतो. इथं युरियाचा काही उपयोग नाही, आधी पाणी कमी करा.

चुलीतली राख पण याच कारणासाठी जपून. राखेत पोटॅश असतं हे खरं, पण ती चांगलीच अल्कधर्मी असते, आंबट मातीला ती औषध आहे, आपल्या चुनखडीच्या मातीत टोपलंभर ओतली तर लोहाचा प्रश्न अजून वाढेल.

आणि अंड्याची टरफलं. टमाटराच्या फळाचं बूड काळं पडून आत बसतं, की लगेच कुणीतरी सांगतं कॅल्शियम कमी आहे, टरफलं टाका. अहो आपल्या मातीत हाताला पांढरे खडे लागतात ते कॅल्शियमचेच! फळात कॅल्शियम कमी पडतं हे बरोबर, पण ते मातीत नाही म्हणून नाही. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं, जिथून पाणी जास्त उडतं तिकडं जास्त जातं, म्हणजे पानांकडं. फळाच्या गुळगुळीत सालीतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळं त्याच्या वाट्याला आधीच कमी येतं, त्यात फळ भराभर वाढायच्या दिवसात एकदा माती करकरीत वाळली आणि एकदा चिंब झाली की तेवढंही पोचत नाही, आणि देठापासून सगळ्यात लांबचा भाग म्हणजे बूड, तिथल्या पेशी मरतात. उपाय एकच, ओल सारखी ठेवणं. टरफलं विरघळायलाच फार काळ लागतो आणि आपल्यासारख्या मातीत तर जवळपास विरघळतच नाहीत.

ओल सारखी ठेवायला आपल्याकडं सोन्यासारखी वस्तू आहे, कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. सोयाबीनचं असो की गव्हाचं, झाडाभोवती चार बोटं जाड पसरायचं, खोडाला चिकटवायचं नाही. ऊन थेट मातीवर पडत नाही, वरचा थर तडकत नाही, पाणी दोन-तीन दिवसांऐवजी चार-पाच दिवसांनी लागतं. मातीत मात्र ते कच्चं मिसळायचं नाही, कारण ते कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र उचलतात आणि झाड उपाशी राहतं. ताज्या शेणाचंही तसंच, ते तापतं, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, पूर्ण कुजलेलं, वास न येणारं खतच घ्या.

जमिनीत लावायचं तर वीतभर उंच गादीवाफा करा, शेतात सोयाबीनला रुंद वरंबा-सरी करतात त्यामागंही हेच कारण आहे की मुळाजवळचं जास्तीचं पाणी सरीत उतरावं. चुंगडीत लावायचं तर नुसती काळी माती भरू नका, तिच्याएवढंच कुजलेलं खत आणि तेवढीच नदीची जाड रेती किंवा धानाचं तूस मिसळा, आणि बुडाला चार-सहा भोकं. बुडाशी गिट्टीचा थर देतात त्यानं निचरा सुधारत नाही, बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते सीमेवरच थांबतं, उलट मुळाची जागा कमी होते.

न्हाणीचं पाणी भाजीला सोडायची आपल्याकडं जुनी रीत आहे आणि अंघोळीचं पाणी चालतंही, पण कपडे धुतलेलं पावडरचं पाणी वेगळं काढा. त्या पावडरमधे धुण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम, आणि सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं, सुटे कण पोकळ्यांमधे जाऊन बसतात, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीच्या पाण्यातच हा त्रास आहे, तिकडच्या लोकांनी माती-पाणी तपासून घेतल्याशिवाय पैसे घालू नयेत, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

सगळंच पाण्यावर ढकलता येत नाही हेही आहे. एप्रिल-मेमधे ४५ डिग्रीला टमाटराची फुलं गळतात ती उष्णतेनं, दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की परागकण नीट तयार होत नाहीत. लवकीची पहिली फुलं गळतात कारण ती नर असतात, मादी फूल मागून येतं, त्याच्या खाली बोटभर लवकी जन्मतःच दिसते. उन्हाळ्यात सांबार (कोथिंबीर) पानं देण्याआधीच फुलावर येतो, त्याला हिवाळाच पाहिजे.

मेलेलं झाड फेकायच्या आधी मुळं मात्र धुऊन बघत जा. टमाटर-वांग्याच्या मुळाला वेड्यावाकड्या फुगलेल्या गाठी असतील आणि त्या मुळापासून सुटत नसतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, त्या जागी पुढच्या हंगामात टमाटर, वांगं, मिरची, भेंडी नको, झेंडू लावा. वाल-चवळीच्या मुळावरच्या गाठी मात्र कामाच्या, बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखानं सहज सुटतात. एखादी फोडून बघा, आतून गुलाबी निघाली तर ती चालू आहे. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक, हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना तो मोजून ऑक्सिजन पोचवतो, कमी पडला तर त्यांचा दम जातो आणि जास्त झाला तर नत्र बांधायचं यंत्र बिघडतं. हिरवट-राखाडी निघाली तर ती गाठ थकलेली. वेल संपल्यावर उपटू नका, बुडाशी कापा आणि मुळं मातीतच कुजू द्या, ती कुजली की काळ्या मातीत हवेला आणि पाण्याला खाली जायला तेवढीच वाट होते, आणि त्याच वाफ्यात दिवाळीनंतर मेथी-पालक टाका.