टीव्ही गेम संचांचा दर्जा

टीव्हीला वायर लावली आणि सेल किंवा अडॅप्टर जोडला की आत आधीच भरलेले जुने गेम सुरू होतात, अशा संचाला मुंबईच्या बाजारात ‘टीव्ही गेम’ किंवा नुसतेच ‘व्हिडिओ गेम’ म्हणतात. वेगळी कॅसेट लागत नाही आणि काही भरून घ्यावे लागत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटपासून उपनगरातल्या स्टेशनबाहेरच्या खेळण्यांच्या दुकानांपर्यंत हे संच दिसतात. खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो गेमचा आकडा, आणि गिऱ्हाईक फसते तेही तिथेच. संच चांगला की वाईट हे दोन गोष्टींवर ठरते : बटण दाबल्यावर पडद्यावर उडी किती वेळाने दिसते, आणि ती उडी मूळ गेमसारखी आहे की नाही.

स्वस्तातल्या बहुतेक संचांचे मूळ एकच आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हे गेमचे यंत्र आणले. त्यात 6502 या जुन्या चिपच्या कुळातला आठ बिटांचा प्रोसेसर होता आणि चित्रासाठी वेगळी चिप होती. पडद्यावरचे चित्र 256 बाय 240 ठिपक्यांचे. पुढे तैवान आणि चीनमध्ये या यंत्राच्या नकला निघाल्या, आणि काही वर्षांत अख्खे यंत्र एका चिपमध्ये मावू लागले. आजचा एखादा संच उघडला तर हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो. यंत्र म्हणतात ते एवढेच, बाकी सगळी पोकळी. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला कारागीर तुटलेली वायर जोडेल, सॉकेट बदलेल, स्विच नवा बसवेल. पण तो काळा गोळा गेला की तोही मान हलवतो.

नकलेतला फरक आधी कानाला कळतो. मूळ यंत्रात सूर काढणाऱ्या दोन चौकोनी लहरी आहेत आणि त्या लहरींची रुंदी बदलून आवाजाचा पोत बदलतो. अनेक नकलांमध्ये यातल्या दोन रुंद्यांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे मारिओचे संगीत सुरात असूनही परके वाटते. ओळखीच्या गाण्याला दुसरीच पेटी साथ करतेय असे. ज्यांनी लहानपणी नक्कलच ऐकली, त्यांना मात्र मूळ आवाज चुकीचा वाटतो, आणि मुंबईत अशांचीच संख्या जास्त असावी.

दुसरा फरक वेगाचा. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला सुमारे 60 वेळा चित्र रंगवत, तर भारतात चालणारी ‘पाल’ ही टीव्हीची पद्धत 50 वेळा. गेमचे गणित चित्रागणिक पुढे सरकते. म्हणून 60 साठी लिहिलेला गेम 50 वर सुमारे 17 टक्के हळू चालतो. पालसाठी जुळवलेल्या नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग जवळपास मूळचाच ठेवलेला असे; त्यामुळे सूर तोच राही, ठेका मात्र संथ होई. हा घोळ फक्त स्वस्त मालातच होतो असेही नाही. सोनीने डिसेंबर 2018 मध्ये काढलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या अधिकृत संचातल्या 20 गेमपैकी 9 गेम याच 50 च्या आवृत्तीतले होते आणि त्यावर बरीच टीका झाली.

त्याच्या दोन वर्षे आधी, नोव्हेंबर 2016 मध्ये, निन्टेंडोने स्वतःच्या जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली. त्यात गेम होते फक्त 30. मनीष मार्केटच्या हिशेबाने हा आकडा म्हणजे थट्टाच! त्याहून जुने चांगले उदाहरण 2004 मधले : कमोडोर 64 या संगणकाचे 30 गेम एका जॉयस्टिकमध्ये बसवले होते, आणि त्यासाठी चिप मुद्दाम नव्याने रचली होती. त्याच वर्षी निघालेल्या अटारी फ्लॅशबॅक या संचात अटारी या अमेरिकी कंपनीचे जुने गेम फॅमिकॉमच्या नकली चिपवर नव्याने लिहून बसवले होते. नावे तीच, पण खेळताना वेगळेपण जाणवे. पुढच्या वर्षीच्या फ्लॅशबॅक 2 मध्ये ही चूक सुधारली आणि अटारी 2600 या मूळ यंत्राचीच रचना पुन्हा उभी केली.

आता त्या आकड्याविषयी. ‘9999999 इन 1’ लिहिलेली कॅसेट नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या बहुतेकांनी पाहिली आहे. समुद्रकिनारा, उडणारे पक्षी आणि न संपणारी यादी. प्रत्यक्षात थोडेच गेम वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येतात. एक थेट तिसऱ्या स्टेजपासून सुरू होतो, दुसऱ्यात फक्त रंग बदललेले. ‘टँक 1990’ हाही 1985 च्या बॅटल सिटीचाच बदललेला अवतार. जागेचेही कोडे नाही : मूळ सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या 40 किलोबाइटचा आहे. हल्ली टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत थेट खोचायच्या काड्या मिळतात; त्यांच्यात मेमरी कार्ड असते आणि खरोखर हजारो गेम असतात, पण त्यातही तोच गेम जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्तीत तीनदा भेटतो. बहुतेक संचांमध्ये हे गेम परवान्याशिवायच भरलेले असतात. जुन्या यंत्रावरची पेटंटे संपली असली तरी गेमचा कॉपीराइट संपलेला नाही.

या काड्यांच्या खोक्यावरचे ‘4के’ हे अक्षर गेमच्या कामाचे नाही. 240 ओळींचे चित्र कितीही ताणले तरी ठिपके तेवढेच राहतात. उलट चार बाय तीनचे चित्र रुंद पडद्यावर ओढले की मारिओ आडवा सुटतो. त्याहून मोठी अडचण उशिराची. जुना काचेचा टीव्ही सिग्नल येईल तसा रंगवत असे. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो. काडीतला प्रोसेसर आणि बिनवायरचा रिमोट यांचा उशीर त्यात मिळवला की काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये गोळी लागून गेल्यावर उडी पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो आधी सुरू करावा. बऱ्याचदा दोष संचाचा नसतो.

बोटाखाली काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. बटणाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या तळाशी कार्बनची काळी टिकली. टिकली पट्टीला टेकली की बटण लागते. स्वस्त रिमोटमध्ये रबर इतके कडक असते की अंगठ्याला वळ उठतात, किंवा चार दिशांचे बटण मधल्या आधाराशिवाय बसवलेले असल्याने उजवे दाबताना खालचेही लागते. दुकानदार चालू करून दाखवायला सहसा नाही म्हणत नाही. तेव्हा मारिओ लावावा, धावत धावत आखूड उडी मारून पाहावी आणि मग लांब. दोन्ही उड्या सारख्याच पडल्या तर खोके परत सरकवावे.

कॅसेटचा खाचा असलेले संच अजून मिळतात. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटच्या पितळी रंगाच्या दातांवर थर चढतो आणि पडद्यावर नुसते रंगीत चौकोन येतात. फुंकर मारण्याची रीत सर्वश्रुत आहे. फुंकरीतल्या ओलाव्याने गंज वाढतो. खरा फायदा होतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याचा. पांढरे खोडरबर हलकेच घासून वर स्पिरिटचा बोळा फिरवला की बहुतेक कॅसेटी सुरू होतात.

काही खोक्यांत अजूनही प्लास्टिकची बंदूक येते. जुन्या पद्धतीची बंदूक गोळी सोडत नाही, पाहते : बदके टिपायच्या गेममध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो प्रकाश टिपतो. हे गणित काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेले आहे. सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर बंदुकीने पाहायचे तेवढे पाहून झालेले असते, आणि सगळी बदके सुखरूप उडून जातात.