धूळ अडते ती भोकामुळे नव्हे

करोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर एक हिशेब जोरात फिरला. अजूनही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तो काढतंच. फिल्टर 0.3 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवतो, विषाणू 0.1 मायक्रॉनचा, म्हणजे तो आरामात पार जाणार. मग मास्क काय आणि फिल्टर काय, सगळी धूळफेकच. हिशेब इतका सरळ आहे की चांगली शिकलेली माणसंही मान डोलावतात. पण तो साफ चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे कळलं की गोव्यात वेर्णा किंवा कोलवाळच्या औषध कारखान्यांत, काचेपलीकडे पांढऱ्या पोशाखात सावकाश वावरणारी मंडळी नेमकं काय करत असतात तेही उमगतं.

आपली गोव्याची हवा स्वच्छ, असं आपण पाहुण्यांना सांगतो. स्वच्छ म्हणजे किती? साध्या खोलीतल्या एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण लाखांनी, कधी कोटींनी असतात. इंजेक्शनची कुपी जिथे भरतात त्या जागी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या वर्गानुसार, हाच आकडा 3,520च्या वर जाऊन चालत नाही. बरं, हे कण आपोआप खाली बसतील म्हणावं, तर अर्ध्या मायक्रॉनचा कण स्थिर हवेत मीटरभर खाली यायला एका दिवसाहून जास्त वेळ घेतो. त्यामुळे फडकं कितीही मारा, हवेतली धूळ हवेतच राहते. तिला हवेनेच बाहेर न्यावं लागतं आणि त्या हवेला हेपा नावाच्या अतिबारीक फिल्टरमधून यावं लागतं.

हेपा म्हणजे चाळण नव्हे. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा तो वेडावाकडा रचलेला, कागदासारखा थर असतो. तंतूंमधल्या फटी अडवायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. कण अडतो तो फटीत मावत नाही म्हणून नाही, तर तंतूला टेकतो म्हणून. इतक्या लहान आकारात टेकणं म्हणजेच चिकटणं. व्हॅन डर वाल्स बल नावाचं रेणूंमधलं क्षीण आकर्षण त्याला धरून ठेवायला पुरतं. तेव्हा खरा प्रश्न असा की कण तंतूपर्यंत पोचतो कसा?

मोठ्या कणाचं सोपं आहे. हवा तंतूला वळसा घालून निघून जाते, कणाला जडत्वामुळे वळता येत नाही, तो आदळतो. थोडा लहान कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळणावर त्याचं अंग तंतूला घासतं आणि तो अडकतो. गंमत आहे ती अगदी चिमुकल्या कणांची. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के मारत असतात आणि ते सरळ जाऊच शकत नाहीत. हीच ब्राऊनियन गती. 1905 साली आइनस्टाइनने तिचं गणित मांडलं. 1 मायक्रॉनचा कण या धक्क्यांनी सेकंदाला सरासरी 7 मायक्रॉन भरकटतो, 0.1 मायक्रॉनचा 37 मायक्रॉन, आणि 0.01 मायक्रॉनचा तर जवळजवळ पाव ते अर्धा मिलिमीटर. कुळागरातून सरळ चालणारा माणूस एकाही पोफळीला न शिवता पलीकडे निघेल. झिंगलेला माणूस मात्र कुठल्यातरी पोफळीला मिठी मारणारच. तसा हा कण जितका लहान तितका जास्त झिंगलेला, म्हणून पकडायला सोपा.

मग अवघड कोण? मधला. जडत्वाने आदळायला हलका आणि धक्क्यांनी भरकटायला जड. दुसऱ्या महायुद्धात धुराच्या फिल्टरवर काम करताना आयर्व्हिंग लँगम्यूर या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने हा कमकुवत पट्टा 0.3 मायक्रॉनच्या आसपास असेल असं मांडलं. तेव्हा 0.3 हे भोकाचं माप नाही. फिल्टरची सगळ्यात कठीण परीक्षा त्या आकाराला होते, म्हणून परीक्षा तिथेच घेतात, आणि तिथेही 10,000 कणांपैकी 3च पार जाऊ शकतात. 0.1 मायक्रॉनचा विषाणू, तोही बहुधा थेंबात बसून येणारा, याहून फार वेगळी वागणूक मिळवत नाही. कापडी मास्कची गोष्ट वेगळी, पण तिथेही घोळ बहुतेक कडेच्या फटींचा असतो.

आणखी एक बारकावा, कंटाळा आला असेल तर गाळा. भरकटून तंतूला टेकायला कणाला वेळ लागतो, म्हणून हवा थरातून जितकी हळू जाईल तितकं बरं. पण खोलीत तर सेकंदाला सुमारे 0.45 मीटर वेगाने एकसारखा झोत हवा असतो. तोड म्हणून फिल्टरच्या कागदाच्या दाट घड्या घालतात. क्षेत्रफळ वाढतं आणि प्रत्यक्ष थरातला वेग सेकंदाला काही सेंटिमीटरवर येतो. हा एकसारखा, समांतर झोत 1960च्या सुमारास अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी रुळवला. त्याआधी खोल्या घासूनपुसून लख्ख करत, पण आतल्या आत घुमणारी हवा धूळ फिरवतच राहायची.

बाजारातले ‘आयन सोडून’ 99.99 टक्के जंतू मारणारे डबे आणि ‘धूप जाळला की हवा शुद्ध होते’ हा चवथीतला ठाम विश्वास, दोन्ही मला एकाच पठडीतले वाटतात. धुपाचा वास मलाही आवडतो. पण तो धूर म्हणजे मायक्रॉनहून लहान कणांचा लोटच असतो, नेमका फिल्टरला सगळ्यात अवघड जाणाऱ्या आकाराच्या आसपासचा.

फिल्टर एवढा चोख असताना खोलीत घाण येते कुठून? माणसाकडून. नुसतं बसलं तरी मिनिटाला लाखभर कण अंगावरून सुटतात आणि चालायला लागलं की आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो, असा ढोबळ अंदाज या क्षेत्रात नेहमी दिला जातो. त्वचेचे पापुद्रे, कपड्यांचे तंतू, थुंकीचे तुषार. म्हणून तो पोशाख कामगाराला औषधापासून नव्हे, औषधाला कामगारापासून वाचवतो. केसांतली आबोलीची फाती, मंगळसूत्र, बांगड्या, काजळ, पावडर सगळं बाहेर. पुठ्ठ्याचा खोका आणि पेन्सिलही बाहेर. पोशाख डोक्याकडून खाली चढवायचा: आधी हूड, मास्क, मग अंगभर सूट. तोही पाय आणि बाह्या मुठीत गोळा करून, जमिनीला टोक लागू न देता. मग आडव्या बाकावर बसून एका पायात बूट चढवायचा आणि तो पाय पलीकडच्या स्वच्छ बाजूला टाकायचा, नंतर दुसरा. हातमोजे बाहीवरून ओढायचे. आत गेल्यावर घाई नाही, आणि फिल्टर व उघडी कुपी यांच्यामध्ये हात कधीच नाही.

खोल्यांमध्ये 10 ते 15 पास्कलचा दाबफरक ठेवतात, म्हणजे पाण्याच्या जेमतेम एक-दीड मिलिमीटर उंचीइतका. तेवढ्याने हवा स्वच्छ बाजूकडून बाहेर वाहते. कर्करोगाची किंवा संप्रेरकांची औषधं असतील तर माणसालाही जपायचं असतं, मग भुकटी बाहेर येऊ नये म्हणून दाबाची दिशा उलटी करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा काढण्यातच यंत्रं दमतात. तो राहिला तर पावडर गोळा होते आणि बुरशी संधी शोधतेच.

पुसायला 70 टक्के अल्कोहोल वापरतात, शंभर टक्के नाही, कारण जंतूची प्रथिनं मोडायला पाणी लागतं. जंतूंच्या टणक कवचातल्या सुप्त रूपांना, म्हणजे बीजाणूंना, मात्र ते पुरत नाही, त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं काही लागतं. आणि अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, शेजारी बर्नर पेटता ठेवून फवारा मारणारे लोक मी पाहिलेत. दुसरा धोका: आडव्या झोताचं लॅमिनार फ्लो बाक समोरच्या माणसाच्या तोंडावर हवा फेकतं. त्यावर रोगजंतू हाताळायचे नसतात, त्यासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट वेगळं असतं. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे कॉलेजांत गल्लत होते.

या साऱ्याची कसोटी वास्कोच्या सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात पाहावी. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे दंडगोल तिथे गोठवून ठेवतात, आणि खालच्या बंदरात कोळसा उतरतो. शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं असल्याचं 1956 साली सांगणाऱ्या शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसननाही नमुन्यापेक्षा प्रयोगशाळेतलंच शिसं आधी छळलं होतं. पुढे त्यांनी ध्रुवीय बर्फातलं शिसं मोजलं. अशा मोजणीत ड्रिल लागलेला बाहेरचा बर्फ थराथराने तासून टाकतात आणि आतला गाभा तेवढा तपासतात. शिवाय अतिशुद्ध पाण्याचा बर्फ करून त्यालाही त्याच सगळ्या हातांतून, हत्यारांतून नेतात. वास्कोत असं केलं, तर त्या कोऱ्या बर्फात जे सापडेल ते अंटार्क्टिकाचं नव्हे, वास्कोचं, आणि तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करावं लागतं.