वाचताना सुटलेली ओळ

"लेकरू हुशार आहे, पण पुस्तकात त्याचं ध्यानच लागत नाही," हे वाक्य परभणी-बीडकडच्या शाळांत पालकांकडून हमखास ऐकू येते. या एका तक्रारीत दोन वेगळ्या अडचणी गुंडाळलेल्या असू शकतात: अवधान टिकत नाही ही एक आणि अक्षरांतून शब्द उलगडत नाही ही दुसरी. अवधानाची कमतरता व अतिचंचलता, म्हणजे डॉक्टर जिला एडीएचडी म्हणतात ती अवस्था, जगभरात साधारण ५ टक्के मुलांत आढळते आणि त्यांपैकी किमान चौघांत एकाला वाचनाचीही खरीखुरी अडचण असते.

अशा मुलाचे ध्यान ताळ्यावर आणले की वाचन आपोआप सुधारेल, ही समजूत मात्र टिकलेली नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही अडचणी असलेल्या, दुसरी ते पाचवीच्या २१६ मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला औषध आणि पालकांना वर्तनाचे प्रशिक्षण, दुसऱ्याला केवळ वाचनाचे पद्धतशीर शिक्षण, तर तिसऱ्याला दोन्ही मिळाले. उपचारांनी चंचलता कमी झाली, शिकवण्याने वाचन सुधारले, आणि एकाचे काम दुसऱ्याने केले नाही. औषधाने मूल बसेल, पण रफार त्याला कोणीतरी शिकवावाच लागेल.

रफाराचे नाव सहज घेतलेले नाही. चौथीतल्या एका मुलाने माझ्यासमोर 'वर्षभर' हा शब्द आधी 'वषरभर' असा वाचला. त्याची चूक समजण्याजोगी होती, कारण रफार दिसतो 'ष'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो 'ष'च्या आधी. पहिल्या वेलांटीचे नेमके उलटे आहे; ती दिसते अक्षराच्या आधी आणि बोलायची असते नंतर. म्हणजे डोळ्यांनी टिपलेले चिन्ह क्षणभर मनात धरून ठेवून योग्य जागी बसवावे लागते. हे धरून ठेवण्याचे काम करणारी कार्यकारी स्मृती एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांत तोकडी पडते, आणि जोडाक्षराशी झटापट करून मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असते.

म्हणूनच 'रोज एक अख्खा धडा वाच' हा घरोघरीचा फतवा मला निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा वाचनाचे अभ्यासक एस. जे. सॅम्युअल्स यांनी १९७९ साली मांडलेली पुनर्वाचनाची पद्धत घरच्या ओट्यावरही जमते. पन्नास ते दोनशे शब्दांचा छोटा उतारा घ्यायचा, मोठ्या माणसाने शेजारी बसून अडलेला शब्द लगेच सांगायचा आणि ओघ येईपर्यंत तोच उतारा पुन्हा वाचायचा. उजळणीत अक्षरे ओळखण्याचे श्रम कमी होतात, तेव्हा अर्थाकडे लक्ष द्यायला मन मोकळे होते. ओळ सुटत असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावरून खाली सरकवत न्यावी. अर्थात अक्षरच कळत नसेल, तर खिडकीचा उपयोग नाही.

आमच्या भागात एक सावधगिरी फार गरजेची आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, आणि त्या महिन्यांत ज्याची शाळा बुडाली ते मूल वर्गात चुळबुळ करणारच, कारण फळ्यावरचे त्याला कळतच नसते. त्याला एडीएचडीचे लेबल लावणे अन्याय आहे. लक्षणे वयाच्या बारा वर्षांआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. असे लेबल लावण्याआधी नजर, कान आणि झोप तपासून घ्यावी.

दिव्यांगत्वाच्या कागदपत्रांच्या बाबतीतही अवधान आणि वाचन या दोन अडचणींतला फरक आडवा येतो. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनासारख्या शिकण्यातली अडचण, आहे; एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ चंचलतेची तपासणी करून परतलेल्या पालकांनी वाचनाची चाचणीही मागून घ्यावी.