सी भाषेत रिकामा कंस म्हणजे ‘आर्ग्युमेंट नाही’?
फंक्शनपुढे रिकामा कंस ठेवला की ते एकही आर्ग्युमेंट (फंक्शनला बाहेरून दिलेली किंमत) घेत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सी++ मध्ये हे खरं आहे. सी मध्ये मात्र सी२३ हे भाषेचं नवं मानक येईपर्यंत डिक्लरेशनमध्ये (फंक्शन जाहीर करणाऱ्या ओळीत) त्याचा अर्थ ‘आर्ग्युमेंट कोणती, ते सांगितलेलं नाही’ एवढाच होता. ‘एकही नाही’ म्हणायला कंसात व्हॉइड (void) लिहावंच लागे.

रीफॅक्टरिंग (चालू कोडची फेरमांडणी) करताना इथेच घात होतो. समजा, ‘लॉग_बंद(इंट मोड)’ मधला मोड काढला आणि कंस रिकामा सोडला. जुन्या मानकात दुसऱ्या फाइलमधला जुना ‘लॉग_बंद(३)’ हा कॉल कंपायलर एरर न देता चालवून घेतो. व्हॉइड लिहिलं, तर तिथेच एरर येते आणि राहून गेलेला प्रत्येक कॉल सापडतो. जीसीसी या कंपायलरमध्ये आवृत्ती १५ पासून सी२३ डीफॉल्ट आहे, पण जुन्या मानकावरचा कोड अजून ढीगभर आहे. तिथे व्हॉइड गाळू नका.