भू-अवकाशीय नकाशांकन : भारतातील शिक्षण आणि संधी

जमिनीवरची प्रत्येक गोष्ट तिच्या अक्षांश, रेखांश आणि उंचीसह नोंदवायची, त्या नोंदींवरून नकाशे करायचे आणि ते ताजे ठेवायचे, या कामाला भू-अवकाशीय नकाशांकन म्हणतात. जमिनीवरची मोजणी, उपग्रह आणि ड्रोनवरून घेतलेल्या प्रतिमा, जीपीएस आणि भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे जीआयएस (नकाशावर माहितीचे थर चढवणारी संगणक-प्रणाली) ही त्याची अंगे. भूगोल, स्थापत्य, संगणक, शेती, भूविज्ञान यांपैकी कुठल्याही वाटेने विद्यार्थी इथे येऊन पोचतो. त्यामुळे ‘यासाठी पदवी कोणती घ्यायची?’ या नेहमीच्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

भारतात हे काम जुने आहे. देशाचे अधिकृत नकाशे करणाऱ्या ‘सर्वे ऑफ इंडिया’ या सरकारी संस्थेची स्थापना १७६७ सालची. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून, त्रिकोणांच्या साखळीने अंतरे काढत जाणारे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, पण भूगोलाच्या सहली सहसा तिकडे वळत नाहीत. पुढे गणितज्ञ राधानाथ सिकदार यांनी याच सर्वेक्षणाच्या आकडेमोडीतून जगातले सर्वोच्च शिखर ओळखले. नकाशा मात्र दीर्घकाळ सरकारी आणि लष्करी मालमत्ता राहिला. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी एक अशा दोन मालिका केल्या, तरी परवानग्यांचे जंजाळ सुटले नाही. २०१६ मध्ये तर विनापरवाना भू-माहिती बाळगण्यावर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवणारा कायद्याचा मसुदा आला. त्याच्यावर इतकी टीका झाली की तो बासनात गेला.

खरा पालट केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी झाला. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करायला, साठवायला आणि विकायला पूर्वपरवानगी लागेनाशी झाली. आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटर याहून अचूक माहिती गोळा करणे फक्त भारतीय संस्थांसाठी राखले गेले. परदेशी कंपन्यांनी ती त्यांच्याकडून परवान्याने घ्यायची. रस्त्यांची छायाचित्रे नकाशावर दाखवणारे गूगलचे स्ट्रीट व्ह्यू आधी परवानगीअभावी अडले होते. जुलै २०२२ मध्ये ते भारतीय भागीदारांच्या मदतीने १० शहरांत आले, आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. गल्लीगल्लीतून कॅमेरे लावलेली गाडी फिरवायचे आणि त्या प्रतिमा जुळवायचे काम यामुळे देशातच राहिले. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने २०३० पर्यंत शहरी आणि ग्रामीण भागांचे ५ ते १० सेंटिमीटर तपशिलाचे (म्हणजे प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर एवढा) नकाशे करायचे उद्दिष्ट ठेवले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भू-अवकाशीय मोहीम जाहीर झाली, आणि त्याच फेब्रुवारीत शहरांतल्या जमिनींच्या नोंदींसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम १५२ नागरी स्थानिक संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. एवढे काम करणारी माणसे कुठून येणार, हा प्रश्न धोरणाच्या कागदांत दबून जातो.

हे काम जवळून कसे दिसते, यासाठी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातले सोनोरी हे गाव पाहावे. मल्हारगडाच्या पायथ्याच्या या गावात ड्रोनने गावठाण मोजायचा पथदर्शी प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत तीच पद्धत आली. महाराष्ट्रात शेतजमिनीची मोजणी इंग्रजी अमदानीतच झाली. गावठाण मात्र बहुतेक लहान गावांत मोजलेच गेले नव्हते. घर बापजाद्यांचे, पण कागद नाही. योजनेत आधी ग्रामस्थांसमोर प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ मारतात. ती वरून पांढरी दिसते. ड्रोन उडतो, शेकडो फोटो जोडून एक सरळ प्रतिमा तयार होते, तिच्यावरून हद्दी आखल्या जातात, आणि मग भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, नकाशा हातात घेऊन पुन्हा दारोदार फिरतो. हरकती ऐकून शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका निघते. ड्रोन उडतो तो वेळ या सगळ्यात सर्वांत थोडा. चुन्याची रेघ कुणाच्या भिंतीच्या आत पडली आणि कुणाच्या बाहेर, यावरची चर्चा मात्र लांबते.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक अभ्यासक्रम किंवा स्थापत्य पदविका केली, तर भूमि अभिलेख विभागाच्या भूकरमापक पदाच्या भरतीला बसता येते. पदव्युत्तर पातळीवर पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फर्मॅटिक्स संस्था, पवईच्या आयआयटीतले संसाधन अभियांत्रिकी केंद्र आणि विद्यापीठांचे भूगोल विभाग आहेत; सरकारी प्रकल्पांसाठी नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन (उपग्रह-विमानांतून दुरून टिपलेल्या माहितीचा अभ्यास) केंद्र. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून प्रशिक्षण देते आहे. तिचे अल्पमुदतीचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात आणि कॉलेजात बसून करता येतात. फुकट आहेत म्हणून हलके समजू नयेत. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे याच विषयाचा, स्वतंत्र पेपर आहे. ड्रोन उडवून पोट भरायचे असेल, तर वय १८ पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतून मिळालेला रिमोट पायलटचा दाखला लागतो.

पैसे न घालता शिकायची सोयही भरपूर आहे. क्यूजीआयएस ही जीआयएसची संगणक-प्रणाली मोफत आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून खुल्या आहेत, आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा दर काही दिवसांनी नव्या मिळतात. इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावरून ५ मीटर आणि त्याहून ढोबळ तपशिलाची माहिती विनामूल्य घेता येते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह १२ दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा जातो. रडारला ढगांची अडचण नाही, हे कोकणात काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको; आषाढ-श्रावणात साध्या प्रतिमेत तिथे नुसता कापूस दिसतो.

हात बसवायला ओपनस्ट्रीटमॅप सर्वांत चांगला. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात, आणि २०१५ मध्ये स्थापन झालेल्या यूथमॅपर्स या जाळ्यातून कॉलेजांचे गट त्यात उतरतात. २०१८ च्या केरळ पुराच्या वेळी रस्ते आणि घरे अशीच घरबसल्या आखली गेली. नवखा हमखास फसतो तो कडब्याच्या गोल गंजीला झोपडी समजून. उंच इमारतीची बाह्यरेषाही छपराभोवती आखली की ती जागेवरून सरकते. प्रतिमा तिरकी असते, म्हणून पाया शोधायचा. गाव पाहिलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, आणि या विषयात गावाकडच्या विद्यार्थ्याचे पारडे इथेच जड होते.

दोन चुका मात्र महाग पडतात. जागतिक सीमांच्या आयत्या फायली इंटरनेटवरून उचलून प्रकल्पात टाकल्या की जम्मू-काश्मीरची सीमा भलतीच उमटते. सर्वे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे, म्हणून सीमा त्याच संस्थेच्या वापराव्यात. दुसरी चूक आधारप्रणालीची, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावर मोजले याची. जुने स्थलदर्शक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या गोलाभावर, म्हणजे त्याने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर, बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आधारप्रणालीवर चालते. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर विहीर सुमारे शंभर मीटर सरकते आणि शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसते. गाव नकाशाची गोष्ट त्याहून अवघड, कारण तो अक्षांश-रेखांशांवर बेतलेलाच नाही. ३३ फुटी साखळीने, जिचा एक वर्ग म्हणजे एक गुंठा, तो शेतागणिक मोजून कापडावर उतरवला गेला. आज जीपीएसमधली चूक सतत दुरुस्त करून पाठवणाऱ्या ‘कॉर्स’ या स्थिर केंद्रांच्या जाळ्यामुळे रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरायचे यंत्र, काही सेकंदांत सेंटिमीटरभर अचूक जागा सांगतो, पण नकाशावरचा बांधाचा दगड जमिनीवर अजून आहे का, हे तो सांगू शकत नाही. ते शोधायला टिपण, म्हणजे मूळ मोजणीची मापे असलेला कागद, हातात घेऊन, बांधावरची बाभूळ कधीची हे माहीत असलेल्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन शेतात उतरावे लागते.