कव्हर आधी, फोन नंतर

नवा फोन भारतात विक्रीला येतो, त्याच दिवशी नाशिकच्या एमजी रोडवर त्याचं कव्हर मिळतं. कॅमेऱ्याचं भोक बरोबर जागी, बटणांचे उंचवटे बरोबर जागी, खाली चार्जिंगची खाच नेमकी. फोनची कंपनी तर शेवटच्या दिवसापर्यंत तोंड उघडत नाही. मग कव्हरवाल्याला मापं दिली कुणी?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत, साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला याचं अर्धं उत्तर आपसूक सुचेल. प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा भाग काढायचा तर आधी धातूचा साचा लागतो. त्याचं ड्रॉइंग, मशीनिंग, पॉलिश, पहिली ट्रायल, मग दुरुस्त्या, पुन्हा ट्रायल. यात आठवडे जातात. त्यानंतर हजारो नग काढायचे, खोक्यांत भरायचे, जहाजाने नाहीतर विमानाने देशोदेशी पाठवायचे. म्हणजे कव्हर पहिल्या दिवशी गल्ल्यावर हवं असेल, तर फोनची मापं त्याच्या कितीतरी आधी कारखान्यात पोचलेली असणारच. काही कव्हरवाले फुटलेल्या ड्रॉइंगवर पैसे लावतात आणि माप चुकलं तर साचा भंगारात घालतात. त्याच ड्रॉइंगवरून धातूच्या डमी बनतात आणि त्या डमींचे फोटो ‘हा बघा नवा फोन’ म्हणून आपल्या मोबाइलवर येतात.

नव्या फोनबद्दलची कुठलीही अफवा तोलायला मला हाच प्रश्न पुरेसा वाटतो: ही गोष्ट खरी असेल, तर ती आत्ता, या घडीला, कुणाकुणाला माहीत असणं भाग आहे? जितक्या जास्त लोकांना कामापुरती ती माहीत असावी लागते, तितकी ती फुटण्याची शक्यता जास्त आणि फुटलेली बातमी खरी असण्याचीही.

फोनचा आकार साचेवाल्याला, काचवाल्याला, कव्हरवाल्याला कळावाच लागतो. सरकारलाही काही गोष्टी कळाव्या लागतात. भारतात फोन विकायचा तर भारतीय मानक ब्यूरोकडे सुरक्षिततेची सक्तीची नोंदणी करावी लागते आणि ती यादी कुणालाही बघता येते. ‘अमुक फोन मानक ब्यूरोच्या यादीत दिसला’ ही बातमी म्हणूनच बहुधा खरी असते. मात्र त्या यादीत असतो मॉडेल नंबर आणि निर्मात्याचं नाव. कॅमेरा कसा आहे हे ब्यूरोला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नसते. त्याच बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात कॅमेऱ्याचं वर्णन आलं, की ते कुठल्यातरी वेगळ्या झऱ्यातून आलं आहे असं समजावं.

अॅपलला हे पहिल्यापासून माहीत होतं. पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी दाखवला आणि विकायला आला २९ जूनला. एवढ्या आधी का दाखवला, हे स्टीव्ह जॉब्जनं मंचावरच सांगितलं होतं: अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची मंजुरी घ्यायची आहे, तेव्हा आयोगाच्या कागदांतून जगाला कळण्यापेक्षा आम्हीच दाखवलेलं बरं. पुढे दहा वर्षांनी याच कंपनीचं गुपित तिच्याच घरातून फुटलं. २०१७ च्या जुलैअखेर होमपॉड या स्पीकरचं सॉफ्टवेअर वेळेआधी बाहेर पडलं आणि त्यात वरच्या कडेला खाच असलेल्या एका अनोळखी फोनचं रेखाचित्र सापडलं. सप्टेंबरात जाहीर झाला तो आयफोन टेन, नेमका तसाच. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पडद्याचा आकार माहीत असणं भाग होतं, एवढंच.

आकार खरा पण पदार्थ खोटा, असंही होतं आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१४ चं आहे. आयफोन सिक्सच्या पडद्यावर काचेऐवजी नीलम असणार, अशी तेव्हा जोरदार हवा होती. ती निराधारही नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये अॅपलने जीटी अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीशी करार केला, ५७.८ कोटी डॉलर आगाऊ द्यायचं ठरलं आणि अॅरिझोनातल्या मेसा गावी कृत्रिम नीलमाचा कारखाना उभा राहिला. जुलै २०१४ मध्ये एक व्हिडिओ फिरला: नव्या फोनचा म्हणून मिळालेला पडदा, त्यावर चाकू ओढतायत, किल्ल्या घासतायत आणि ओरखडा म्हणून उठत नाही. ९ सप्टेंबरला फोन जाहीर झाला. पडद्याचा आकार व्हिडिओतल्यासारखाच होता. पदार्थ मात्र काच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण यात शिकण्यासारखं बरंच आहे. नीलम म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. कठीणपणाच्या मोह्ज मापनपट्टीवर हिरा १० वर आणि नीलम ९ वर. साध्या धुळीतली वाळू असते सातच्या आसपास, त्यामुळे खिशातल्या रेतीने नीलमाला काही होत नाही. पण कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. मोबाइलची काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन निघून जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. या दाटीमुळे पृष्ठभाग कायम दाबलेला राहतो. तडा जायला काच ताणली जावी लागते आणि इथे आधी तो दाब मोडून काढावा लागतो. नीलमाला अशी सोय नाही. भरीला नीलमाचं वजन त्याच आकाराच्या काचेच्या दीडपटीहून जास्त. काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, नीलमावरून जवळजवळ ८ टक्के. म्हणजे गोदाघाटावर भर दुपारी फोन बघायचा तर काच बरी.

आणि हा स्फटिक वाढवायचा कसा? अॅल्युमिनियम ऑक्साइड वितळतं २,००० अंश सेल्सिअसच्या वर. ते वितळवून सावकाश, दिवसचे दिवस थंड करायचं, आणि मध्ये कुठे गडबड झाली तर आख्खा ठोकळा तडकतो. घड्याळाएवढ्या तुकड्याला हे परवडतं. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण अॅपलने २०१२ मध्येच नीलमाचं केलं होतं. पण कोट्यवधी पडदे कापण्याइतके मोठे आणि निर्दोष ठोकळे मेसात निघाले नाहीत. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. करार खरा, कारखाना खरा, भट्ट्याही खऱ्या. पडदा नीलमाचा असणं मात्र कुणालाच ‘माहीत’ असणं शक्य नव्हतं, कारण ते जमेल की नाही हे भट्टीशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं.

मेगापिक्सेलच्या अफवा वेगळ्या जातीच्या. त्या बहुतेक वेळा खऱ्या निघतात आणि तरी त्यातून जे समजायला हवं ते समजत नाही. ‘२०० मेगापिक्सेल येतोय’ म्हटलं की ५० पेक्षा चौपट चांगला फोटो असं मनात येतं. आता हिशेब मांडू. इतके पिक्सेल बोटाच्या नखाएवढ्या सेन्सरवर बसवायचे, तर एक पिक्सेल उरतो साधारण ०.६ मायक्रोमीटरचा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. भिंग कितीही निर्दोष असलं तरी प्रकाश त्याच्या कडेपाशी थोडा वळतो आणि दूरच्या एका बिंदूची सेन्सरवर टिकली पडते. एफ १.७ च्या (हा आकडा भिंगाचं तोंड किती उघडं ते सांगतो) भिंगात ही टिकली सुमारे २.३ मायक्रोमीटर रुंद असते. एका टिकलीखाली दहा-अकरा पिक्सेल झाकले जातात. सगळ्यांना दिसतो तो एकच ठिपका. त्यामुळे फोन स्वतःच सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करतो आणि हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. याचा फायदा नाही असं नव्हे. सोळांचा उजेड एकत्र मोजल्याने अंधारात फोटो कमी खरखरीत येतो आणि भरपूर उजेडात झूम करायला थोडा तपशीलही जास्त मिळतो. पण चौपट वगैरे काही नाही. अफवेत सेन्सरचा आकार दिला असेल तर तो वाचावा, मेगापिक्सेल सोडून द्यावेत.

चिपच्या नॅनोमीटरबद्दल तर मी एका वाक्यातच आटोपतो: ‘३ नॅनोमीटर’ हे पिढीचं नाव आहे, त्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर रुंदीचं असं काही मोजून दाखवता येत नाही आणि तिच्यातल्या शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरांच्या गेटमधलं (गेट म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा भाग) अंतर ४० नॅनोमीटरांहून जास्त असतं.

बॅटरीचं प्रकरण सध्या खरोखर रंगलेलं आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी आठवडाभर चार्जिंग नको’ ही अफवा दर वर्षी नव्याने येते. या खेपेस मात्र तिच्यामागे खरा पदार्थ आहे: सिलिकॉन. बॅटरीच्या ऋण बाजूला आजवर ग्रॅफाइट असायचं. त्यात एक लिथियम ठेवायला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचे चार अणू पंधरा लिथियम सांभाळतात. वजनाच्या हिशेबाने सिलिकॉनची क्षमता ग्रॅफाइटच्या नऊ-दहा पट भरते. पण एवढे पाहुणे घरात घेतले की सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं, चार्जिंग संपलं की आक्रसतं आणि अशा फुगण्या-आक्रसण्यात त्याचा चुरा होतो. म्हणून ते थोड्या प्रमाणात, अतिशय बारीक करून, कार्बनमध्ये मिसळून वापरतात. २०२३ पासून चिनी कंपन्यांच्या फोनमध्ये अशा बॅटऱ्या येऊ लागल्या आणि ६,००० ते ७,००० एमएएचचे (म्हणजे मिलिअँपिअर-तासांचे, बॅटरीत किती वीज मावते त्याचे) आकडे दिसू लागले.

मग सगळ्याच कंपन्या ते का करत नाहीत? एक कारण रसायनशास्त्रात सापडत नाही. लिथियम सेलच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमांत एका सेलला २० वॅट-तासांची रेघ आहे. त्याच्या आत असाल तर कागदपत्रं सोपी, बाहेर गेलात तर धोकादायक मालाचे पूर्ण नियम लागू. फोनच्या बॅटरीचा दाब धरा ३.८५ व्होल्ट. २० ला त्याने भागलं की येतात ५.२ अँपिअर-तास, म्हणजे जेमतेम ५,२०० एमएएच. मोठमोठ्या कंपन्यांचे महागडे फोन वर्षानुवर्षं ५,००० च्या आसपास का घुटमळतात, याचा एक धागा इथे सापडतो. वाट आहे: एका ऐवजी दोन सेल लावायचे. पण त्यात जागा जाते. ‘जागतिक मॉडेलला ७,०००’ अशी अफवा दिसली की दोन सेल आहेत का, हे आधी बघावं.

‘पण ही बातमी दहा ठिकाणी आली आहे,’ असं कोणी म्हटलं तर दहाही जणांनी कुठून घेतली ते बघावं. लासलगावात कांद्याच्या निर्यातबंदीची कुजबुज उठते, तेव्हा पाच आडते तेच सांगतात म्हणून ती पाचपट खरी होत नाही, कारण पाचांच्याही फोनवर तोच एक निरोप आलेला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी खरोखर आली ती सरकारी अधिसूचनेने. फोनच्या जगात सगळ्यांचा झरा अनेकदा एखादा विश्लेषक असतो. मिंग-ची कुओ हे त्यातलं मोठं नाव. त्यांचे अंदाज पुरवठादारांकडच्या हालचालींवरून येतात आणि अनेकदा बरोबर ठरतात. तरीही २०२१ मध्ये त्यांनी आयफोन थर्टीन उपग्रहाशी बोलेल असं म्हटलं, आणि ती सोय आली पुढच्या वर्षीच्या फोनमध्ये. आपल्याकडे हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर रेंज गेलेले ट्रेकर ती बातमी वाचून उगाच हरखले असतील.

इतकं सगळं कळूनही आपण अफवा वाचतोच. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेचं एक सूत्र मांडलं: विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. गुणाकार असल्यामुळे दोन्हीपैकी एक शून्य झालं की अफवा शून्य. कीपॅडच्या फोनबद्दल कोणी कुजबुजत नाही ते त्यामुळेच. पण मला त्याहून जुनं, आपल्या देशातलं काम जास्त पटतं. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्के जाणवले पण नुकसान झालं नाही, अशा भागातही आणखी मोठं संकट येणार असल्याच्या अफवा होत्या. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्यावर विचार केला. भीती आधीच मनात आहे, तिला साजेसं कारण आजूबाजूला नाही, म्हणून अफवा ते कारण पुरवते. फोनबाबत भीतीच्या जागी इच्छा घाला. हातातला फोन ठणठणीत आहे, दसरा जवळ आलाय, कॉलेज रोडच्या दुकानात एक्स्चेंज ऑफरचा फलक लागलाय. इच्छा आहे, कारण नाही. ‘यंदा कॅमेरा एकदम वेगळा आहे म्हणे’ हे वाक्य ती उणीव भरून काढतं.

राहिली किंमत. गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच विचारतं आणि अफवांमध्ये सगळ्यात कच्ची तीच असते. किंमत ठरायला साचा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, कुठल्या यादीत नोंदवावी लागत नाही. कंपनीतल्या मोजक्या लोकांना ती माहीत असली तरी काम चालतं आणि घोषणेच्या तोंडावरही ती बदलता येते. त्यातून डॉलरचा आकडा रुपयांत फिरवून सांगतात, ते तर मुळातच चूक: अमेरिकेत किंमत विक्रीकर सोडून सांगायची पद्धत आहे, आपल्या एमआरपीत १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, आणि फोन बाहेरून आलेला असेल तर सीमाशुल्कही. मागच्या वर्षीच्या मॉडेलचं मात्र तसं नाही. त्याची किंमत दुकानात लिहिलेली आहे, नवा आला की बहुतेकदा ती खाली येते, आणि एमजी रोडवर विचारलं तर साधारण किती खाली येईल हेही सांगतात.