पिचर कोण आणि हवा कुठली?

अमेरिकेत बेसबॉलच्या मोसमात बहुतेक दिवशी दहा-पंधरा सामने असतात, आणि प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघ सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू, जाहीर करतात. सामन्याचा अंदाज बांधायला बसलेला माणूस आधी त्याचा ईआरए बघतो, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका वगळून त्याने नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) किती धावा दिल्या तो आकडा. पण त्या आकड्यात पिचरइतकंच मैदानही मिसळलेलं असतं.

टोकाचं उदाहरण डेन्व्हरच्या कूर्स फील्डचं. उंची सुमारे १,६०० मीटर, हवा किनाऱ्यापेक्षा साधारण १८ टक्के विरळ. आपल्या क्रिकेटच्या फिरकीपटूचा चेंडू टप्प्याआधी हवेत सरकतो तो मॅग्नस बलामुळे, म्हणजे फिरणाऱ्या चेंडूला हवा बाजूला ढकलते त्या जोरामुळे. बेसबॉलमध्ये टप्पाच नसल्याने जे वळायचं ते हवेत, १८.४४ मीटरच्या आत. हे बल हवेच्या घनतेच्या प्रमाणात घटतं. किनाऱ्यावर फिरकीमुळे ४५ सेंटिमीटर जास्त खाली येणारा कर्व्हबॉल (खाली वळणारा चेंडू) डेन्व्हरमध्ये जेमतेम ३७ सेंटिमीटर येतो. फास्टबॉलचं, म्हणजे वेगवान सरळ चेंडूचं, उलट होतं: मागे फिरणाऱ्या चेंडूला मिळणारा ४० सेंटिमीटरचा आधार ३३ वर येतो आणि चेंडू ७ सेंटिमीटर खाली पोचतो. बॅटच्या सर्वांत जाड भागाचा व्यास जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर असतो. म्हणजे किनाऱ्यावर बॅटच्या वरून निसटणारा चेंडू इथे बॅटवर बसू शकतो.

म्हणून पिचरकडे कोणते चेंडू आहेत ते आधी पाहावं. मोठ्या कर्व्हबॉलवर जगणाऱ्याचं इथे अवघड. बंदुकीच्या गोळीसारखा, प्रवासाच्या दिशेलाच आस ठेवून फिरणारा स्लायडर नावाचा चेंडू मुळातच मॅग्नस बलावर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे त्याचं नुकसान कमी.

किनाऱ्यावर १२० मीटर जाणारा फटका इथे पाच-सहा मीटर जास्त जातो. ते ओळखून मैदानच मोठं बांधलं. मध्यभागी कुंपण १२६ मीटरवर आहे. परिणाम असा, की कुंपणाकडच्या तीन क्षेत्ररक्षकांना प्रचंड जागा राखावी लागते आणि होम रनखेरीज (कुंपणापार जाणाऱ्या फटक्यांखेरीज) साधे फटकेही भराभर जमिनीवर पडतात. कोरड्या हवेत चेंडू सुकून कडक होतो, म्हणून २००२ पासून तिथे चेंडू नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात. २०२२ पासून ही सोय सगळ्या ३० संघांकडे आहे. एक गैरसमज इथेच काढून टाकावा: दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते. दमटपणा चेंडूला अडवतो तो त्याच्या उसळीतून, हवेच्या दाटीतून नव्हे.

मैदानाचा परिणाम 'पार्क फॅक्टर'मध्ये मोजतात: घरच्या सामन्यांत दोन्ही संघांच्या मिळून सरासरी धावा, भागिले त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांतली तीच सरासरी, गुणिले १००. एका वर्षाचा आकडा फार डुलतो, तीन वर्षांचा घ्यावा. नेहमीची चूक म्हणजे पूर्ण फॅक्टर लावणं. मोसमातले निम्मेच सामने घरी होतात, म्हणून ११२ असेल तर १०६ धरायचे: ४.२४ ईआरए मग १.०६ ने भागून ४.०० ठरतो.

बाकी मैदानं डेन्व्हरइतकी सरळ नाहीत. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडचं कुंपण ९४ मीटरवरच, पण ११ मीटर उंच. उंच उडालेला झेल तिथे भिंतीला लागून दोन बेसचा फटका होतो आणि सपाट जाणारा होम रन अडतो. सॅन फ्रान्सिस्कोत उजवं कुंपण तितकंच जवळ असूनही सात मीटरची भिंत आणि खाडीची गार हवा डावखुऱ्या बॅटरला छळते. शिकागोच्या रिगली फील्डला तर कायमचा फॅक्टर लावणंच धोक्याचं. सरोवरावरून येणारा वारा फटके आत ढकलतो, नैर्ऋत्येचा बाहेर नेतो. ताशी आठ किलोमीटरचा वारा उंच फटक्याला ढोबळमानाने पाच मीटर देतो किंवा काढून घेतो. त्यापुढे तापमान किरकोळ: १० अंश सेल्सियसला सुमारे दोन मीटर.

हा हिशेब साधारण पाच इनिंगांपुरताच. बॅटरांची फळी तिसऱ्यांदा समोर आली की पिचरला मार पडू लागतो आणि बुलपेनमधले, म्हणजे राखीव पिचर, येतात. ते आधीच्या दोन दिवसांत किती चेंडू टाकून दमलेत ते पाहावं. वाऱ्याचा आकडा मात्र सामन्याच्या तासभर आधी घ्यावा, आणि मिलवॉकी किंवा फीनिक्ससारखं सरकत्या छताचं मैदान असेल तर छत उघडं आहे का, हे त्याच्याही आधी.